टोपलीचे का चराचे?

वैशाखातली दुपार, गांधीनगरचं कापडदुकान आणि लग्नाचा बस्ता. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घरातल्या पुरुषमाणसाला काम एकच उरतं. पांढऱ्या गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसायचं आणि कुणी 'हा काठ कसा वाटतोय' म्हणून विचारलंच तर 'चांगलाय' म्हणायचं. शालनमावशीच्या नातवाचं लग्न. आम्ही नऊजण दोन गाड्यांतून गेलेलो. तावडे हॉटेलपासून आत वळतानाच मावशीनं सगळ्यांना तंबी दिलेली, पहिल्या दुकानात कुणी मान डोलवायची नाही. दुकानात नव्या कापडाच्या खळीचा तो कोरडा, नाकात बसणारा वास. वरून पंखा गरम हवा खाली लोटतोय. पोऱ्या एकामागून एक साडी झटकून पसरतोय, आणि साडी हवेत असते तेवढ्यात बायकांची नजर तिची किंमत करून मोकळी होतेय.

मी कंटाळलो होतो, आणि कंटाळलेल्या मास्तराएवढा धोका दुसरा नाही. शेजारी मावशीची नात ऋतुजा मोबाइल चाळत होती. तिला म्हटलं, "आपण आत्ता बसलोय ना, इथं पोलंडची माणसं राहत होती, माहिताय?" तिनं मोबाइल उलटा ठेवला. मला तेवढं पुरलं. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर एकीकडून हिटलर आणि दुसरीकडून स्टालिन कसा चालून आला, पूर्वेकडच्या लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात कसं नेलं, १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटल्यावर स्टालिनला पोलंडची आठवण कशी झाली, सुटलेली माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात, तिथून कराचीला आणि कराचीहून आपल्या वळिवड्याला कशी आली, हे सगळं मी सहा-सात मिनिटांत बसवलं. १९४३ ते १९४८. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं. पोऱ्याचा हात थांबला होता. गल्ल्यावरचे मालक चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. मास्तराला आणखी काय हवं?

मावशी माझ्याकडं पाठ करून बसली होती. एका साडीचा काठ अंगठ्याखाली चुरगाळून बघत तिनं मान न वळवता विचारलं, "किती म्हणालास? पाच हजार?"

"जवळजवळ."

"मग संडास टोपलीचे हुते का चराचे?"

ऋतुजा दबक्या आवाजात "आज्जी!" म्हणून ओरडली. समोर लाल शालू पसरलेला, त्याच्यावर हळदी-कुंकवाचं बोट लावायच्या बेतात असलेली मामी तशीच थबकली. मी काहीतरी पुटपुटलो.

"आणि उपसत कोण हुतं?" मावशीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोऱ्याला म्हणाली, "ह्यातच मोरपंखी दाखवा."

बस्ता साडेपाचला उरकला. बाहेर पडलो तर वळीव कोसळत होता.

शालनमावशी जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आरोग्यसेविका होती. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की तिची ड्यूटी डोंगरावर. गुलालानं माखलेली माणसं चांगभलंच्या गजरात सासनकाठ्या नाचवत वर चढायची, तेव्हा ही खालच्या अंगाला पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरची पोती मोजत उभी. पाच हजार म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं गर्दी येते. तिच्या डोळ्यांपुढं किती फूट चर खणायचा, किती टँकर लावायचे आणि जुलाबाची पहिली केस कितव्या रात्री येणार, हे येतं. म्हणजे ती चेष्टा करत नव्हती. मैला खालच्या टोपलीतून उचलायचा का खणलेल्या चरात जिरवायचा, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. परतताना गाडीत मी म्हणालोही, "मावशी, साड्या बघताना काय विचारलंस हे?" तर म्हणाली, "मग काय विचारू? पाच हजार माणसं पाच वर्षं जेवली म्हणतोस. जेवलेलं जातंय कुठं? मी आपलं हेच विचारतो." कोल्हापूरच्या बायका 'मी विचारतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्याकडची नवी सून पहिल्यांदा ऐकते तेव्हा दचकते, मग वर्षभरात स्वतःच 'मी येतो हं' म्हणायला लागते. मी जन्मभर हे ऐकत आलोय. तो 'विचारतो' त्या दिवशी पहिल्यांदा कानात राहिला.

प्रश्न हसण्यावारी नेता आला असता. पण तो माझ्या पोटापाण्याच्या विषयातलाच निघाला, ही अडचण.

गेली सव्वीस वर्षं मी पोरांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतोय. अभ्यासक्रम बदलत राहिला, पण क्रम तोच. आधी वास्तववाद. मॉर्गेन्थाऊ, १९४८. देशहित म्हणजे सत्ता, बाकीच्या बोलायच्या गोष्टी. मग उदारमतवाद, मग वॉल्ट्झचा १९७९ चा नववास्तववाद. या मंडळींच्या जगात देश म्हणजे एकमेकांवर आपटणारे बिलियर्डचे चेंडू. आमच्या पोरांनी बिलियर्डचं टेबल बघितलेलं नसतं, म्हणून मी गोट्या म्हणतो. गोटीच्या आत काय आहे ते बघायचं नाही. मोठी कुठली, लहान कुठली आणि कुणी कुणाला टोला दिला, एवढंच बघायचं. पोरांना हे चटकन कळतं. आणि कबूल करतो, मलाही शिकवायला आवडतं. फळ्यावर दोन गोल काढून मध्ये बाण मारला की अमेरिका, रशिया, चीन सगळं कसं सुटसुटीत दिसायला लागतं. मग मार्चमध्ये, उन्हं तापल्यावर, निम्मा वर्ग रिकामा झाल्यावर येतं शेवटचं प्रकरण, 'चिकित्सक दृष्टिकोन'. मार्क्सवादी, स्त्रीवादी, वसाहतोत्तर, उत्तर-संरचनावादी, सगळे त्यात कोंबलेले, यात्रेला सोडलेल्या जादा एसटीतल्या माणसांसारखे. दोन तासांत उरकायचं. "सर, हे टीपेला येतंय का दहा मार्कांना?" "टीपेला." की पेनं खाली.

चिकित्सक हा शब्द मोठा मजेचा आहे. दाखवलेल्या प्रत्येक स्थळात खोड काढणाऱ्या मुलाला आपण 'फार चिकित्सक आहे बाई' म्हणतो, आणि सरकारी दवाखान्यात 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटीही असते. खोड काढणारा आणि दुखणं शोधणारा, दोघांना एकच शब्द. या प्रकरणातल्या लेखकांना दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि मी वर्षानुवर्षं त्यांचा पहिलाच अर्थ शिकवत आलो. ही माणसं कशालाही नावं ठेवतात, असा माझा सूर असायचा. परीक्षेपुरतं लिहा, बाबांनो, बाकी जग चालतं ते ताकदीवर.

यातला रॉबर्ट कॉक्स मला जरा जवळचा वाटायचा, कारण तो आधी नोकरदार होता. कॅनडाचा माणूस, पंचवीस वर्षं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काढली आणि मग शिकवायला आला. त्याचं १९८१ सालचं एक वाक्य पोरं वहीत चौकट करून ठेवतात: सिद्धान्त हा नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. म्हणजे ढगातून बघणारा सिद्धान्त नसतोच, बघणारा कुठंतरी उभा असतो. त्यानं सिद्धान्तांचे दोन प्रकार केले. एक प्रकार जग आहे तसं धरून चालतो आणि कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालतो. दुसरा म्हणतो, हे दार इथं आलं कसं, बसवलं कुणी, आणि आतबाहेर जायची मुभा कुणाला? मी हे दरवर्षी दाराचंच उदाहरण देऊन सांगतो. वर्गाचं दार खरंच कुरकुरतं, पोरं हसतात, तास संपतो.

मावशीनं दोन्ही प्रश्न एका दमात विचारले होते. टोपलीचे का चराचे, हा तेलाचा प्रश्न. पाच हजारांची सोय करायची तर ते ठरवावंच लागतं, आणि ते नीट ठरवलं नाही की पोरं मरतात. यात कमीपणा काही नाही. उपसत कोण होतं, हा दुसरा. आणि माझ्या त्या सहा-सात मिनिटांत हिटलर होता, स्टालिन होता, तीन देश आणि एक समुद्र होता, पण दोन्ही प्रश्नांना बूड टेकायला जागा नव्हती. १९४३ सालचं कोल्हापूर. मैला कुणाच्या डोक्यावरून जात असेल, हे मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. सांगावं लागत नाही म्हणूनच कदाचित कुणी सांगत नाही.

विषयाच्या बारशाची गोष्टही मी अशीच सांगत आलोय. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला १९१९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन निघालं, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतला चिखल वाळायच्या आत. पुन्हा असं युद्ध नको, हा हेतू. पुढं अध्यासनाला वुड्रो विल्सनचं नाव मिळालं. हे पहिल्या तासाला. त्याच १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपाननं वंशसमानतेचा प्रस्ताव मांडला, त्याला बहुमतही मिळालं, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या विल्सननं एकमत नाही म्हणून तो बाजूला सारला. हे शेवटच्या प्रकरणात, वेळ उरला तर. १९२० च्या जानेवारीत राष्ट्रसंघ सुरू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी इथं हातकणंगले तालुक्यात, माणगावला, बहिष्कृतांच्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मांडवात होते. हे कुठल्याच प्रकरणात नाही. ते 'भारतीय राजकीय विचार' या पेपरात. पेपर वेगळा, वही वेगळी, माझ्याकडं तो तासही नाही. पॅरिसला आणि माणगावला साधारण एकाच सुमाराला बरोबरीवरून गोष्ट चालली होती, आणि मी सव्वीस वर्षं दोन्ही वह्या एकत्र उघडल्या नव्हत्या.

बस्त्यानंतरच्या आठवड्यात मी वळिवड्याची गोष्ट मनाशी परत सांगून बघितली. तीच गोष्ट, पण वेगवेगळ्या ठिकाणी अडखळत. पहिली ठेच 'माफी' या शब्दाला. १९४१ च्या करारानं स्टालिननं या लोकांना सोडलं, तेव्हा कागदावर शब्द होता माफी. गुन्हा काय होता? पोलंडच्या पूर्वेला घर असणं. घरातून उचलून नेणाऱ्यानंच माफ करायचं, आणि ज्याला नेलं त्यानं माफी घेऊन सुटायचं. मी हा शब्द इतकी वर्षं सहज उच्चारत आलो, जणू तो नुसता तारखेला लागलेला प्रत्यय आहे. मग १९४५. याल्टात बड्यांनी नकाशावर रेघ सरकवली, आणि यातल्या कितीतरी जणांची गावं पोलंडात राहिलीच नाहीत. माणसं वळिवड्यात बसलेली आणि तिकडं सरहद्द त्यांच्या घरावरून चालत पलीकडं गेली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमध्ये आसऱ्याला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे एका सकाळी कॅम्पातली माणसं उठली तेव्हा त्यांचं सरकार होतं, तिथंच होतं, पण ते सरकार आहे असं मानणारं मोठं कुणी उरलं नव्हतं. गोटीच्या आत बघायचं नाही, असं शिकवणाऱ्यानं हे कुठं बसवायचं? इथं तर गोटीच गायब.

आणि आमचं संस्थान? १८१२ च्या तहानंतर कोल्हापूरला इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी लढायचीही सोय नव्हती. रेसिडेन्सीत साहेब बसलेला. १९४३ साली तर गादीवर अगदी लहान मूल होतं, कारभार रीजन्सीचा. ज्या संस्थानाला परराष्ट्रधोरण ठेवायची मुभा नाही, त्याच्याच शिवारात एक परराष्ट्र येऊन पाच वर्षं राहिलं. माझ्या पुस्तकांतल्या व्याख्येप्रमाणं कोल्हापूर 'राज्य' नव्हतं आणि वळिवड्याची माणसं त्या काळात कुठल्याच राज्याची धड नव्हती. म्हणजे व्याख्येनुसार तिथं आंतरराष्ट्रीय असं काही घडतच नव्हतं. अंडी तेवढी विकली जात होती.

अंड्यांचं सांगतो, पण आधी एक जड गोष्ट उरकतो. कॅम्प सुरू झाला ते १९४३, आणि बंगालचा दुष्काळही १९४३. वीस लाखांहून जास्त माणसं गेली. सरकार तेच, रेल्वे तीच, धान्याच्या वाघिणी त्याच. पोलंडच्या मुलांना आसरा मिळाला याचं मला वाईट वाटत नाही, कुणाला वाटू नये; ती सैबेरियातून वाचून आलेली पोरं. पण एकाची भूक 'आंतरराष्ट्रीय प्रश्न' होते आणि दुसऱ्याची 'प्रांताची अंतर्गत बाब', हे वाटप कोण करतं? पोलंडवाले गेले आणि त्याच बराकींत सिंधी आले, फाळणीतून. पुढं १९५१ ला निर्वासितांविषयीचा जागतिक करार झाला, त्यात निर्वासित कोण, तर १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांमुळं देश सोडावा लागलेला. आणि या घटना फक्त युरोपातल्या धरायच्या की दुसरीकडच्याही, हे सही करणाऱ्या देशानं ठरवायचं. भारतानं त्यावर आजपर्यंत सही केलेली नाही. सिंध्यांना इथं नागरिकत्व मिळालं, त्यामुळं कायद्याच्या पुस्तकात तो शब्द त्यांना तसाही लागू नव्हता. छप्पर एक, चटईची भिंत एक, रात्री पलीकडच्या खोलीतलं खोकणंही तसंच, फक्त खोकणाऱ्याला जग काय म्हणणार ते निराळं. दोन साड्या बदलायला परत गेलो तेव्हा दुकानाचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही पोलंडचं छान सांगितलंत. आमच्या आजोबांना मात्र कुणी कुठून आलात विचारलं की ते म्हणायचे, वळिवडे स्टेशनवरून." मी हसलो. ते हसले नाहीत.

आता अंडी. माझी आजी, म्हणजे शालनमावशीची आई, लग्न होऊन रुकडीजवळच्या गावात आली ती साधारण कॅम्प भरला त्याच सुमाराला. पंधरा-सोळा वर्षांची. सासूनं पाळलेल्या कोंबड्यांची अंडी पाटीत भुसा घालून ती कॅम्पाच्या गेटावर न्यायची. पोलिश भाषेत अंड्यांना 'याइका' म्हणतात. आजीनं तो एकच शब्द पक्का केला होता. आमच्या घरात मी दहा वर्षांचा होईपर्यंत अंड्याला याइकाच म्हणत. शाळेत मी गुरुजींना 'डब्यात याइका आहे' म्हणालो आणि आठवडाभर चिडवून घेतलं. गेटावरच्या एका बाईकडं एकदा सुटे पैसे नव्हते, तर तिनं अंड्यांच्या बदल्यात आजीच्या हातात विणायची सुई ठेवली. सायकलच्या स्पोकची. एक टोक दगडावर घासून गुळगुळीत केलेलं, दुसऱ्या टोकाला स्पोकचं मूळचं चपटं डोकं तसंच. जोडी नव्हे, एकच. आजीला विणता येत नव्हतं, आणि कोल्हापुरात स्वेटर घालून जायचं तरी कुठं? ती म्हणायची, त्या बाया भर उन्हाळ्यात लोकरीचं विणत बसायच्या, बघूनच घाम यायचा. त्यांच्या अंगात कुठली थंडी होती ते आजीला कोण सांगणार? आजीनं सुईचं काय करायचं ते लगेच ठरवलं. चपट्या डोक्याला नाड्याचं टोक दोऱ्यानं बांधायचं आणि परकराच्या नेफ्यातून ओवायचं. सरळ, लांब, कुठं अडकत नाही. ऐंशी वर्षं आमच्या घराण्यातल्या समस्त परकर-पायजम्यांचे नाडे या पोलिश सुईनं घातलेत.

सिंथिया एनलो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई १९८० च्या दशकापासून एकच प्रश्न विचारत आल्यात, यात बायका कुठं आहेत? लष्करी तळाभोवती, केळीच्या मळ्यात, वकिलातीच्या स्वयंपाकघरात. मी हे शिकवताना उदाहरणं त्यांचीच देत आलो, मध्य अमेरिकेतल्या केळ्यांची. आजी आणि याइका माझ्या तोंडून वर्गात कधी निघाली नाहीत. घरगुती गोष्ट म्हणून ती सुईसारखी डब्यातच राहिली.

इथं माझ्यातला जुना मास्तर कुरकुरतोच. हे सगळं ठीक आहे, पण त्या बाईला सैबेरियात नेलं ते शब्दांनी नाही, बंदुकीनं नेलं. सरहद्द सरकली कारण लाल सैन्य तिथं उभं होतं. मॉर्गेन्थाऊ काही खोटं बोलत नाही. चिकित्सक मंडळींचं लिखाण वाचताना कधी कधी वाटतं, एवढा जडजंबाल शब्दांचा डोंगर रचून ही माणसं आमच्या आजीलाच पलीकडं ठेवतात की काय. पीडितांच्या बाजूनं लिहिलेला लेख पीडितांना सोडाच, एम. ए.च्या मुलीलाही कळू नये, याला काय म्हणावं? आणि आजी तरी काय, घासाघीस करताना चांगलीच वास्तववादी होती. डझनाला दोन फुटकी निघाली तर ती तिच्या हिशेबात कधी धरायची नाही.

तरी यंदा मी शेवटचं प्रकरण मार्चपर्यंत ठेवलं नाही, जुलैतच काढलं. शिरोळकडचा एक मुलगा मागच्या बाकावर असतो, घरचा ऊस. त्याला विचारलं, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी तुमच्या उसाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती, माहिताय? त्याला नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला, उसाच्या दराचा आधार मर्यादेबाहेर आहे म्हणून. भारतानं अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच २०१९ पासून माणसांअभावी बंद, त्यामुळं अपील लटकलेलं. वर्ग जागा झाला. ऊस म्हटल्यावर होणारच. एफआरपीवरून, म्हणजे कारखान्यानं द्यायच्या किमान दरावरून, दोन गट पडले. मग मी म्हणालो, बरं, या भांडणात चार देश आहेत. ऊस तोडतं कोण? बीडकडच्या टोळ्या, सर. टोळी कशी मोजतात? तो पोरगा सहज म्हणाला, कोयत्यावर. वीस कोयते, पंचवीस कोयते. आणि एक कोयता म्हणजे किती माणसं? "दोन, सर. नवरा-बायको." बोलून झाल्यावर तो स्वतःच थोडा वेळ गप्प झाला. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई मोजतच नाहीत?" तो म्हणाला, "मोजतात की. कोयत्यात." मी फळ्याकडं वळलो. काढलेले चार गोल तसेच होते. पुसले नाहीत, पण पुढं बाणही काढावेसे वाटेनात. दार कुरकुरलं, शिपाई हजेरीची वही न्यायला आला.

हळदीच्या आदल्या रात्री मी मावशीकडं होतो. अंगणात मांडव, आत बायकांची नुसती धांदल. मावशी मधल्या घरात पाय पसरून बसलेली, पुढ्यात नव्या परकरांचा ढीग. डालड्याच्या जुन्या डब्यातून तिनं सुई काढली, दोऱ्याचे चार वेढे घालून नाडा बांधला आणि नेफ्यात घातली. पिवळ्या साटीनच्या आतून सुईचं टोक पुढं पुढं सरकताना दिसत होतं. म्हटलं, "मावशी, आजीनं कधी सांगितलं होतं का गं? ते उपसत कोण होतं ते?"

तिनं सुई थांबवली नाही. "आई अंडी घेऊन जायची ती पुढच्या गेटानं," ती म्हणाली. "मागच्या अंगानं माणसं जायची पहाटे, अंधारात. आईला वाटंत दिसायची. तवा आपल्या लोकांनी तोंड फिरवून बाजूला हुभं राहायचं, अशी रीत हुती. आईपण राहायची." मग थोड्या वेळानं, "मी नोकरीला लागलो तवा पहिल्याच यात्रेला चराजवळ माझ्यासंगं एक म्हातारा हुता, साफसफाईवाला. गावाचं नाव काढलं तर म्हणाला, तुमच्या आईला वळखतो की. अंडीवाली."

"मग?"

"मग काय. ओळख निघाली म्हणून घरी चहाला बोलीवलं. आई घरातच हुती." नाडा नेफ्याच्या शिवणीत अटकला होता. मावशीनं सुई थोडी मागं ओढली, कापड चुण्या मोडून सारखं केलं आणि परत आत ढकलली. "ती काय बाहेर आली न्हाई. ते कात्री दे हिकडं."